कोकणात निघालात? आधी फोनमधला नकाशा तयार करून घ्या

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे निघालं, की मुळशीच्या पुढे फोनची रेंज कमी-जास्त व्हायला लागते आणि घाटात बऱ्याच ठिकाणी पार जाते. फोनवरचा नकाशा नुकताच वापरायला घेतलेल्या माणसाची धांदल नेमकी इथे उडते. फोनमधून रस्ता सांगणारी बाई बोलायची थांबते, पडद्यावर करडा रंग पसरतो आणि गाडीतले सगळे एकदम बोलायला लागतात. खरं तर तेवढ्यासाठी घाबरायचं कारण नसतं. निघण्याआधी घरी अर्धा तास दिला, तर रेंज नसतानाही फोन बरंच काही सांगू शकतो.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांनी गूगल मॅप्स आजवर शहरातल्या शहरात वापरला आणि आता पहिल्यांदाच त्याच्या आधाराने लांब जायचं ठरवलं आहे. उदाहरणासाठी पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा आणि पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा रस्ता घेतला आहे. घाट, खाडी, फेरीबोट, एकाच नावाची गावं आणि रेंजचा लपंडाव हे सगळं या एका वाटेवर भेटतं. इथे जमलं, की इतर ठिकाणी अवघड वाटणार नाही.

निळा ठिपका काय सांगतो

ॲप उघडल्यावर दिसणारा निळा ठिपका म्हणजे तुम्ही. फोनला ही जागा मुख्यतः आकाशातल्या उपग्रहांवरून कळते. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि अनेक नव्या फोनमध्ये आपल्या इस्रोची नाविक, अशा यंत्रणांचे संदेश फोन ऐकतो आणि किमान चार उपग्रह मिळाले की आपली जागा काढतो. या कामाला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला, ठिकाण शोधायला आणि पुढे गर्दी किती आहे ते कळायला. रेंज गेल्यावर ठिपका सरकत राहतो, पण त्याच्याभोवतीचे रस्ते दिसेनासे होतात, ते यामुळेच. एवढं लक्षात आलं की पुढची सगळी तयारी कशासाठी आहे, ते आपोआप समजतं.

ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसलं, तर त्याकडे लक्ष द्या. त्या वर्तुळात कुठेतरी तुम्ही आहात, एवढंच फोनला ठाऊक आहे. वर्तुळ मोठं असेल तर वळणाचा निर्णय घेऊ नका. उघड्यावर या, थोडं थांबा, ते आक्रसत जाईल. ठिपक्यातून निघणारा झोत फोनचं तोंड कुठे आहे ते दाखवतो. झोत भलतीकडे असेल तर फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा काही वेळा फिरवा, म्हणजे त्याचं होकायंत्र ताळ्यावर येतं. घाटातल्या उंच कड्यांशेजारी, दाट झाडीखाली आणि बोगद्यात ठिपका भरकटतो. शिवाय तो उड्डाणपुलावरची गाडी आणि पुलाखालची गाडी यांत सहसा फरक करू शकत नाही. पुण्यातून बाहेर पडताना चांदणी चौकातच याचा अनुभव येईल. तिथे पडद्यापेक्षा रस्त्यावरची पाटी वाचा.

घरी करायची कामं

पहिलं काम परवानगीचं. फोनच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन सुरू करा. मग ॲप जागा पाहण्याची परवानगी मागेल. तिथे 'ॲप वापरत असताना' हा पर्याय निवडा. प्रवासाला तेवढा पुरतो. त्याच पानावर अचूक जागेचं बटण असतं, अँड्रॉइडवर 'यूज प्रिसाइज लोकेशन' आणि आयफोनवर 'प्रिसाइज लोकेशन' या नावाचं. ते बंद असेल तर फोन ॲपला फक्त ढोबळ परिसर सांगतो. मग ठिपका गावाच्या जवळपास कुठेही दिसतो आणि माणसाला वाटतं फोनच बिघडला. नकाशा दर वेळी चुकीची जागा दाखवत असेल तर सगळ्यात आधी हे बटण पाहा.

दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं: नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवणं. घरच्या वाय-फायवर असताना असं करा.

१. गूगल मॅप्स उघडून वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर किंवा नावाच्या अक्षरावर टॅप करा.

२. येणाऱ्या यादीत 'ऑफलाइन मॅप्स' निवडा आणि मग 'सिलेक्ट युअर ओन मॅप'.

३. पडद्यावर एक चौकट येईल. दोन बोटांनी नकाशा लहान-मोठा करून पुण्यापासून समुद्रापर्यंतचा सगळा पट्टा त्या चौकटीत बसवा. बेत बदलतात, म्हणून दक्षिणेला दापोली-गुहागरपर्यंत हात सैल सोडा.

४. किती जागा लागेल ते खाली दिसतं. फोनमध्ये तेवढी जागा असेल तर 'डाउनलोड' दाबा आणि पूर्ण होईपर्यंत थांबा.

५. आता फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि वाय-फायही बंद असल्याची खात्री करा. माणगाव शोधून पाहा, रस्ता विचारून पाहा. मराठीत नाव टाकून सापडलं नाही तर इंग्रजी अक्षरांत टाका.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात. ती गाळू नका. घरच्या सोफ्यावर बसून जे जमतं तेच घाटात जमेल, आणि जे जमत नाही ते घाटातही जमणार नाही.

उतरवलेल्या नकाशाच्या मर्यादाही माहीत हव्यात. त्यावर गाडीचा रस्ता मिळतो, पायी जाण्याचा किंवा बस-रेल्वेचा मिळत नाही. पुढची वाहतूक कोंडी, बंद झालेला रस्ता यातलं काही कळत नाही. आणि हा नकाशा कायमचा नसतो, त्याला मुदत असते. वाय-फाय मिळालं की ॲप तो ताजा करून घेऊ पाहतं, पण गेल्या सुट्टीतला नकाशा अजून चालू आहे ना, हे निघायच्या आदल्या दिवशी पाहून घ्या. पायवाटांसाठी, विशेषतः गडावर जाणार असाल तर, ऑर्गॅनिक मॅप्स हे मोफत ॲप फोनमध्ये असू द्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारं हे ॲप इंटरनेटशिवाय वापरण्यासाठीच बनवलेलं आहे आणि त्यात पायवाटा बऱ्याच ठिकाणी दिसतात.

नेमकं कोणतं मुरुड?

शोधायच्या चौकटीत 'मुरुड' टाकलं तर काय होतं, पाहा. रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळचं मुरुड आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात, हर्णैच्या शेजारी दुसरं मुरुड आहे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. आणि तिसरं मुरुड थेट लातूर जिल्ह्यात. वेळासचंही तसंच. कासव महोत्सवाचं वेळास मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या दक्षिणेला. आणि दिवेआगरजवळ श्रीवर्धन तालुक्यात आणखी एक वेळास आहे. कासवांची पिल्लं पाहायला पहाटे पोहोचायचं असेल आणि नकाशावर पहिलं आलेलं नाव दाबलं असेल, तर सकाळ हातची जाते.

या घोळावरचा उपाय आपल्याकडे अर्धशतकापासून आहे. गावांच्या नावांची हीच पंचाईत टपाल खात्याला होती, म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी पिनकोडची रचना केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. वेलणकर स्वतः संस्कृत कवीही होते. नकाशावर गाव शोधताना नावापुढे तालुका, जिल्हा किंवा पिनकोड जोडा. जंजिऱ्याजवळच्या मुरुडचा पिनकोड ४०२ ने सुरू होतो, दापोलीकडच्या मुरुडचा ४१५ ने आणि लातूरच्या मुरुडचा ४१३ ने. तीन आकड्यांत वाद मिटतो. 'स्टार्ट' दाबण्याआधी नकाशा बोटांनी लहान करून एकदा पूर्ण रस्ता पाहा. समुद्राकडे निघालेली रेघ सोलापूर रस्त्याला लागलेली दिसली, तर ते तिथेच लक्षात येईल.

गाव सापडलं तरी घर सापडेलच असं नाही. कोकणातलं गाव वाड्यांमध्ये आणि आळ्यांमध्ये पसरलेलं असतं आणि नकाशावरची गावाची खूण बहुतेक वेळा गावाच्या मध्यावर कुठेतरी असते. तुम्ही जिथे उतरणार ते घर तिथून डोंगराच्या दुसऱ्या बाजूलाही असू शकतं. म्हणून घरमालकांकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागून घ्या, आणि मागताना एक गोष्ट स्पष्ट बोला: "दादा, घराच्या अंगणात उभं राहून पाठवा." बुकिंग घेणारा पुतण्या मुंबईत नोकरीला असतो आणि तो 'सेंड युअर करंट लोकेशन' दाबतो, तेव्हा तुम्हाला त्याच्या मुंबईतल्या ऑफिसचा पत्ता येतो. मिळालेली जागा लगेच उघडून पाहा, ॲपमध्ये 'सेव्ह' करा आणि तिचा स्क्रीनशॉट घ्या.

लोकेशन पाठवणं कुणाला जमत नसेल तर प्लस कोड मागा. नकाशावर घराच्या जागी बोट दाबून धरलं की खाली इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचा, मध्ये अधिकचं चिन्ह असलेला एक छोटा कोड आणि गावाचं नाव येतं. साधारण १४ मीटर बाय १४ मीटरच्या चौकोनाला असा एक कोड असतो. फोनवर बोलून सांगता येतो, वहीत लिहिता येतो, आणि घरक्रमांक नसलेल्या वाडीत तो फार उपयोगी पडतो. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन नावाची अशीच पद्धत आणली आहे. तिचा चौकोन आणखी लहान, सुमारे ४ मीटरचा आहे.

वाटेवर

निघताना वाहनाचं चिन्ह तपासा. भारतात २०१७ पासून गूगल मॅप्सवर दुचाकीसाठी वेगळा पर्याय आहे आणि तो मोटारीला न मानवणारे बोळही सुचवतो. घरातल्या मुलाने आदल्या दिवशी बाइकसाठी ॲप वापरलं असेल आणि पर्याय तसाच राहिला असेल, तर तुमची मोटार एखाद्या पाखाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाखाडी म्हणजे कोकणातली जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. नकाशावर ती रस्त्यासारखीच बारीक रेघ दिसू शकते. साकवाचंही, म्हणजे ओढ्यावरच्या अरुंद पायपुलाचंही तेच, त्यावरून माणसं जातात, गाडी नाही.

फोन डॅशबोर्डवरच्या स्टँडमध्ये ठेवा आणि आवाज चालू ठेवा. ठिकाण बदलायचं, काही शोधायचं, तर ते शेजारी बसलेल्याने करावं. एकटे असाल तर गाडी बाजूला घ्या. गाडी चालवता चालवता फोन हाताळायची सूट घाटात स्वतःला कधीच देऊ नका.

ॲप तुम्हाला वेळ वाचवणारा रस्ता सुचवतं. तो रस्ता कसा आहे, रात्री तिथे माणूस भेटेल का, काल दरड कोसळली का, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. भोर-महाडचा वरंध घाट पावसाळ्यात बरेचदा वाहतुकीला बंद ठेवतात, ताम्हिणीतही अतिवृष्टीत रस्ता बंद झालेला आहे. जून ते सप्टेंबरमध्ये निघताना नकाशा पाहण्याआधी जिल्हा प्रशासनाची सूचना आणि सकाळच्या बातम्या पाहा. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतुळजवळ रात्री नकाशाच्या भरवशावर चाललेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एकाचा जीव गेला. गावातल्या माणसांना तो रस्ता बंद असल्याचं ठाऊक होतं. म्हणून अनोळखी फाट्यावर, विशेषतः अंधार पडल्यावर, मोठा रस्ता सोडून आत वळायची सूचना आली तर थांबा आणि टपरीवर, एसटी थांब्यावर विचारा: "गाडी जाते का इकडून? पाणी आहे का पुढे?" या दोन प्रश्नांची उत्तरं कुठल्याही ॲपपेक्षा गावकरी बरोबर देतात.

किनाऱ्याला लागल्यावर खाडी नावाचा नवा प्रश्न येतो. हरिहरेश्वरहून दापोलीकडे जायचं तर नकाशावर बागमांडला ते वेसवी अशी पाण्यावरून तुटक रेघ दिसेल. ती फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे नेणारी. दिघी-आगरदांडा, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथेही अशीच सोय आहे. या फेऱ्यांमुळे रस्त्याचा मोठा वळसा वाचतो आणि गाडी बोटीत चढवण्याची मजा मुलांना वेगळीच वाटते. पण फेरी रात्रभर चालत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर रांग लागते. नकाशाने सांगितलेल्या वेळेत ही रांग धरलेली असेलच असं नाही. शेवटची फेरी किती वाजता, हे घरमालकांना दुपारीच विचारून ठेवा. उशीर होणार असेल तर रस्त्याच्या पर्यायांत जाऊन 'अव्हॉइड फेरीज' सुरू करा, म्हणजे जमिनीवरून जाणारा रस्ता मिळेल.

'जवळचं' म्हणजे किती जवळ

पेट्रोल पंप, एटीएम, जेवण, औषधाचं दुकान शोधायला 'जवळचा पेट्रोल पंप' असं मराठीत बोललं तरी चालतं. माइकच्या चिन्हावर टॅप करायचं आणि बोलायचं. रस्ता चालू असताना भिंगाच्या चिन्हावर टॅप केलं तर वाटेवरचे पंप दिसतात. मागे सोडलेल्यांपेक्षा पुढचे दिसलेले बरे. पेट्रोल आणि रोकड माणगावात किंवा म्हसळ्यात घेऊन ठेवा, हा साधा नियम पाळला तर पुढचा निम्मा शोध वाचतो.

किनाऱ्यावर मात्र 'जवळचं' या उत्तराकडे जरा सावधपणे पाहा. श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या टोकावरून शोधलं तर खाडीपलीकडचं ठिकाणही यादीत वर येऊ शकतं, कारण सरळ रेषेत ते खरंच जवळ असतं. रस्त्याने ते किती तरी लांब पडतं. म्हणून यादीतलं अंतर वाचून निघू नका. त्या ठिकाणावर टॅप करा, 'डिरेक्शन्स' दाबा आणि गाडीने किती मिनिटं लागतील ते पाहा. जंजिऱ्याचंही लक्षात ठेवा. किल्ला पाण्यात आहे. किल्ल्याचं नाव टाकण्यापेक्षा राजपुरी जेटी शोधा, बोटी तिथून सुटतात.

दवाखान्याचा शोध घाईत करायची वेळ येऊ नये, पण आली तर 'हॉस्पिटल' असं नुसतं शोधू नका. दातांचे दवाखाने, बंद क्लिनिक सगळंच समोर येतं. 'ग्रामीण रुग्णालय', 'उपजिल्हा रुग्णालय' किंवा 'प्राथमिक आरोग्य केंद्र' असं शोधा. विंचू-सापाच्या दंशात किंवा अपघातात हे शब्द वेळ वाचवतात. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे, त्याची खूण घरूनच सेव्ह करा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही संकटात ११२. फोन लावल्यावर आपण कुठे आहोत हे सांगायला अडखळू नये, म्हणून निळ्या ठिपक्यावर टॅप करून जवळच्या गावाचं नाव किंवा कोड वाचून दाखवा.

शोधात सापडलेल्या फोन नंबरांबद्दल एक कळकळीची सूचना. नकाशावरची माहिती कुणीही सुचवू शकतो, आणि फसवणूक करणारे हॉटेलांच्या किंवा हेल्पलाइनच्या नावाखाली आपले नंबर घुसवतात. खोली ठरवताना फोनवरचा माणूस आगाऊ रक्कम लगेच पाठवायची घाई करत असेल, ओटीपी मागत असेल, एखादं ॲप उतरवायला सांगत असेल, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

समुद्राचं वेळापत्रक नकाशात नाही

नकाशावर किनारा म्हणजे एक ठरलेली रेघ दिसते. खरा किनारा दिवसातून दोनदा पुढे येतो आणि दोनदा मागे जातो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते आणि भरतीला तिथे लाटा येतात. निळा ठिपका वाटेवर आहे म्हणून वाट सुरक्षित आहे असं समजू नका. देवळाजवळच्या माणसांना ओहोटीची वेळ विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तर ऐका. वाळूत गाडी घालू नका, नकाशावर तिथे रस्ता असल्यासारखं दिसलं तरी.

जत्रेच्या किंवा लांब सुट्टीच्या गर्दीत गाडी लावल्यावर निळ्या ठिपक्यावर टॅप करून 'सेव्ह पार्किंग' दाबून ठेवा. रात्री परतताना नारळी-पोफळीच्या आगरांमधल्या सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात.

घरच्यांना कळू द्या, बॅटरी जपा

आई-बाबा एकटे निघाले असतील, किंवा मुलगी मैत्रिणींबरोबर निघाली असेल, तर व्हॉट्सॲपवरचं 'लाइव्ह लोकेशन' घरच्यांना धीर देतं. ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालू ठेवता येतं. पण रेंज गेली की ते जिथल्या तिथे थांबतं. "ताम्हिणीत तासभर ठिपका हलणार नाही, काळजी करू नका," एवढं आधीच सांगून ठेवा.

नकाशा सतत चालू असला की बॅटरी भराभर उतरते, म्हणून गाडीत चार्जर आणि सोबत पॉवर बँक हवीच. जिथे रेंज नाहीच, तिथे फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि त्यात आणखी बॅटरी जाते. अशा ठिकाणी पायी फिरताना एरोप्लेन मोड लावा. उपग्रहांवरून जागा तरीही कळते आणि उतरवलेला नकाशा चालतो. मात्र फोन येणार नाहीत, हे लक्षात असू द्या.

कोकण रेल्वेने माणगावला उतरून पुढे एसटीने जाणाऱ्यांनी 'व्हेअर इज माय ट्रेन' हे ॲप घ्यावं. ते मोबाइल टॉवरवरूनही गाडीची जागा काढतं, त्यामुळे इंटरनेट नसताना चालतं, आणि स्टेशन येण्याआधी जागं करायचा गजरही त्यात लावता येतो. पहाटेच्या गाड्यांना हा गजर लावूनच झोपा.

परत आल्यावर

सेटिंग्जमध्ये जाऊन कोणकोणत्या ॲपला तुमची जागा पाहण्याची परवानगी आहे, ते पाहा. प्रवासात घाईघाईने 'होय, होय' म्हणत दिलेल्या परवानग्या काढून टाका. टॉर्चच्या किंवा खेळाच्या ॲपला तुम्ही कुठे आहात हे कळायची गरज नाही.

आणि ज्या घरी उतरला होतात, त्याची खूण नकाशावर चुकीची असेल तर घरमालकांना विचारून ती दुरुस्त करा. त्या ठिकाणावर टॅप करा, 'सजेस्ट ॲन एडिट' निवडा आणि खूण योग्य जागी सरकवा. तपासणी झाल्यावर बदल दिसायला लागतो. वाडीच्या आत घर असलेल्या मालकांना दर शनिवारी फाट्यापर्यंत पाहुण्यांना आणायला जावं लागतं, ते त्यामुळे थांबेल.